कॉर्नेलची दोन मिनिटं

तो मंगळवार इतर मंगळवारांसारखाच होता. आईने निळी टोपी घातली, मी गाडी काढली आणि वाटेत कॉर्नेल मागच्या सीटवर येऊन बसला. आईने त्याच्याकडे मक्याच्या पावाचा डबा दिला.

"मिस ओडेसा, हे समितीसाठी का?"

"समितीला माझे कडू शब्द पुरे आहेत. तू खा. आणि त्या आरशात बघणं बंद कर."

"मी रस्ता बघतोय."

"रस्ता समोर आहे, बाळा. आरशात माझी मुलगी आहे."

बाहेर बर्फ पडत होतं, तरी मी काच थोडी खाली केली…

सहा वर्षांपूर्वी मागचा दिवा बंद आहे म्हणून पोलिसांनी माझ्या धाकट्या भावाची, एलिसची, गाडी थांबवली. अकरा मिनिटांनी पोलिसाची गोळी लागून तो गेला होता. पोलिसाच्या छातीवर कॅमेरा होता. ती अकरा मिनिटं शहराला दाखवा, एवढीच आईची मागणी. पहिल्या वर्षी हजारो लोक रस्त्यावर उतरले, गोरेसुद्धा. मग ते आपापल्या कामाला लागले. आई मात्र पोलिसांवर देखरेख ठेवणाऱ्या नागरिक समितीपुढे दर महिन्याला, मंगळवारच्या बैठकीत, बोलत राहिली.

तिथे प्रत्येकाला दोन मिनिटं मिळतात. आपला वेळ दुसऱ्याला देता येतो. पण त्यासाठी स्वतः हजर राहून, उभं राहून तसं सांगावं लागतं. चारचौघांत एलिसचं नाव घ्यायला गेले की माझा आवाजच फुटायचा नाही. म्हणून सहा वर्षं मी तिथे एकच वाक्य बोलले, "माझा वेळ मी आईला देते."

दीड वर्षापूर्वी कॉर्नेल चुकून त्या दालनात शिरला. घरासमोरचं वठलेलं झाड तोडा, अशी तक्रार घेऊन तो आला होता.

"झाडाचं ऑफिस खालच्या मजल्यावर आहे," मी म्हणाले.

"थांब गं," आई म्हणाली. "बाळा, तुझ्याकडे दोन मिनिटं आहेत का?"

त्याने ती दिली. पुढच्या महिन्यात तो पुन्हा आला.

"झाड अजून तोडलं नाही वाटतं?" मी विचारलं.

"तोडलं की. केव्हाच."

"मग?"

"तुमच्या आईंच्या भाषणाची सवय लागली." तो माझ्याकडे बघत होता… आणि आई तर अजून बोलायला उठलीसुद्धा नव्हती.

त्या बर्फाच्या मंगळवारी आई चौदा मिनिटं बोलली. घरी येताना कॉर्नेलने तिची नक्कल केली आणि सर्वांत जास्त तीच हसली. गुरुवारी सकाळी ती उठली नाही. झोपेतच हृदय थांबलं होतं.

अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. बायका माझा हात दाबत म्हणत होत्या, "ओडेसाने फार केलं. आता तू तुझं बघ." कॉर्नेल बाह्या सारून ताटल्या विसळत होता. मी पुसत होते.

"आता मंगळवारी यायची तुला गरज नाही," मी म्हणाले. त्याने भांडावं, अशी माझी इच्छा होती.

"तू जाणार आहेस?"

"माहीत नाही."

"मी आलेलं नकोय तुला?"

"तू आईसाठी येत होतास."

त्याने नळ बंद केला. "रेनिटा, तुला खरंच असं वाटतं?"

तेवढ्यात कुणीतरी चमचे मागायला आलं, आणि मी चमचे शोधायला गेले. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. मीही केला नाही.

समितीचं पत्र आलं. एलिस टॉलिव्हर या विषयावर येत्या बैठकीत कुणी बोललं नाही, तर तो विषय बंद होणार होता.

मी गेले. दालनात आमची पाचच माणसं होती. तिसऱ्या रांगेत, ओला कोट मांडीवर घेऊन, कॉर्नेल बसला होता. त्याने फक्त मान हलवली. माझं नाव पुकारलं तेव्हा तो उभा राहिला.

"कॉर्नेल बॅब. माझा वेळ रेनिटा टॉलिव्हरला."

उरलेले तिघंही उभे राहिले.

मी माइकपाशी गेले. "एलिस माझा भाऊ होता," मी म्हणाले. आवाज फुटला. मग त्या अकरा मिनिटांची मागणी मी क्रमाने मांडली, तारखांसकट.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "तुमच्या आई गेल्याचं आम्हाला वाईट वाटतं. पण इथली माणसं दर वर्षी कमी होत चालली आहेत. यापुढे हा विषय लावून धरणार कोण?"

"मी."

"एकट्याच?"

"ते एकाला विचारावं लागेल." मी मागे वळले.

"बाई, पाठ फिरवू नका. जे काय असेल ते माइकमध्ये बोला. नोंद होते आहे."

मी पुन्हा पुढे तोंड केलं. त्याचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून बरं झालं.

"कॉर्नेल, माझं तुझ्यावर प्रेम आहे. आईला माहीत होतं, तुला मी कधी सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात ये. त्याच्या पुढच्याही… कंटाळा आला तरी ये. आणि आता माझ्यासाठी ये."