दुपारचं रबर का सुटतं?

"सुटलं! परत सुटलं!" कैफने स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीवरचं रबर केळ्याच्या सालीसारखं ओढून काढलं.

शायमाने कपाळाला हात लावला. सुट्टीत ती, तिचा हा धाकटा भाऊ आणि मशीन चालवणाऱ्या कमळाकरकाकांचा मुलगा तेजस अब्बांच्या पावणे गावातल्या कारखान्यात मजा करायला आले होते, आणि बसले होते रबर सोलत! आधी कडक प्लास्टिकची मूठ बने. मग साच्यात तिच्यावर गरम, मऊ रबर चढे. सकाळचं रबर दातांनी ओढलं तरी हलत नव्हतं. दुपारचं मात्र नुसत्या नखाने निघत होतं!

"कमळाकर, उद्याही असंच झालं, तर परवा मशीनवर दुसरा माणूस!" अब्बा गरजले.

"शेट, मी कायपन बदललं नाय! तोच माल, तीच गरमी!"

तेजसचा चेहरा उतरला.

"रबराला दुपारी झोप येत असेल," कैफ म्हणाला.

"झोप तुझ्या अब्बांना येते!" तेजस फणकारला.

शायमा चमकली. झोपेत पंख्याची कुरकुर नको, म्हणून अब्बा जेवणानंतर त्याला सिलिकॉनचा तेलासारखा स्प्रे मारत. आणि मुठींचे ट्रे पंख्याखालीच!

"पण मुठी तर कोरड्या आहेत!" तेजस गोंधळला.

शायमाने ट्रेमधल्या एका मुठीवर चिकटपट्टी लावली. पट्टी घसरून पडली!

"अब्बांना सांगू?" कैफने विचारलं.

"पुराव्याशिवाय? घरी पिटाळतील!" शायमा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी तिघांनी एक ट्रे वर्तमानपत्राने झाकला, दुसरा उघडा ठेवला. अब्बा आले. फुस्स, फुस्स! पंखा फुल्ल, आणि लगेच घोरणं सुरू.

नंतर काकांनी दोन्ही ट्रेंमधल्या मुठींवर रबर चढवलं. उघड्या ट्रेमधलं सोललं गेलं. झाकलेल्यातलं अब्बांनी स्वतः पकडीने ओढलं. लाल झाले, पण रबर हलेना!

"हे काय गौडबंगाल?"

"तुमचा स्प्रे, अब्बा!" शायमा म्हणाली. " पंख्याच्या वाऱ्याने मुठींवर उडतो. दिसत नाही, पण त्या निसरड्या थरावर रबर धरतच नाही."

अब्बांनी पंख्याकडे पाहिलं, स्प्रेच्या डब्याकडे पाहिलं. ओरडायला दुसरं कुणी सापडेना, तेव्हा कुठे कमळाकरकाकांकडे पाहिलं.

"शाबास, पोरांनो! मला सुचलं नाही ते तुम्ही शोधलंत. कमळाकर, चूक माझी रे."

काकांनी तेजसच्या पाठीवर थाप मारली. "मंग शेट, परवाच्या मानसाला कळवा, जागा भरलेली हाय!"