तीन टोकांचे प्लग

इंजिनात ठिणगी टाकणारे नवे प्लग बसवल्यापासून बाबांची जीप कमी पेट्रोल खायला लागली होती. सगळ्या वाडीने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. मग आज खिंड चढताना, वर पोचायच्या आतच टाकी कोरडीठाक कशी पडली?

जुईला काही केल्या उमगेना. दवाखान्यात न्यायला निघालेले तिचे आजोबा, अप्पा, मागच्या सीटवर ऑक्सिजनची नळी नाकाला लावून पडले होते आणि सिलिंडरचा काटा लाल पट्टीकडे सरकत होता. बाबा पेट्रोलसाठी खिंडीतल्या रस्त्याच्या कामावर धावत गेले होते.

दरड कोसळून विजेची लाइन गाडली गेली, तेव्हापासून दरीतल्या सगळ्या विजेच्या गाड्या ठप्प होत्या. उरली ही पणजोबांच्या काळातली पेट्रोलची जीप. पेट्रोल सरकार मोजून देई. बाबांनी तीन टोकांचे नवे प्लग मागवले, तेवढ्याच पेट्रोलवर गाडी जास्त पळाली आणि बाबा असे हुरळले, की वाचेल म्हणून निम्मं पेट्रोल त्यांनी वाडीच्या पाण्याच्या पंपाला देऊन टाकलं.

"अप्पा, प्लगने दगा दिला का?"

अप्पांनी उभा जन्म इंजिनांच्या प्रयोगशाळेत काढला होता. आता एकेका वाक्याला दम लागत होता. "प्लग काढ. टोक बघ."

जुईने पान्याने प्लग काढला. टोकावर काजळी साचली होती.

"म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी," अप्पा म्हणाले. "प्लगचं काम ठिणगी टाकण्याचं. काडी पेटवतेस तशी. तीन टोकं असली तरी एका वेळी ठिणगी पडते एकाच टोकावर. आणि साधा, धडधाकट प्लगही जवळजवळ सगळं पेट्रोल पेटवतोच. उरतं काय, जे नवा वाचवणार?"

"पण गाडी जास्त पळाली होती!"

"कधी?"

"खंडेनवमीला."

"त्या दिवशी तुझ्या बाबाने अजून काय काय केलं?"

जुई आठवू लागली. वाडीत खंडेनवमीला गाडीची पूजा, म्हणून आदल्या दिवशी बाबांनी जीप घासून धुतली, ऑइल बदललं, चाकांत हवा भरली, हवेची गाळणी (इंजिनात जाणाऱ्या हवेतली धूळ अडवणारी) झटकली. आणि मग हार घालून नवे प्लग बसवले.

"अगं बाई! मग प्लगनेच पेट्रोल वाचलं, हे कशावरून?" जुई उद्गारली.

अप्पांना हसायचं होतं, पण नुसता खोकला आला. जुईचा जीव कासावीस झाला. रडावंसं वाटत होतं, तरी तिने बॉनेटमधली गाळणी उघडली. दरड उपसणाऱ्या यंत्रांची धूळ तिच्यात गच्च बसली होती. कार्बुरेटरला (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाला) पुरेशी हवाच पोचत नव्हती. तिने गाळणी दगडावर आपटून आपटून झटकली. काजळीचे प्लग काढून ठेवले आणि अवजारांच्या पेटीतले साधे, जुने प्लग बसवले.

बाबा कॅन घेऊन धापा टाकत आले. "हे जुने कशाला घातलेस?" ते ओरडले, पण अप्पांकडे पाहून त्यांनी टाकीत पेट्रोल ओतलं आणि किल्ली फिरवली.

मघाशी चढताना मागे सुटणारा काळा धूर या वेळी नव्हता. दवाखान्याच्या दारात पोचले, तेव्हा सिलिंडर संपत आला होता. अप्पांना आत नेलं. किती तरी वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"वाचलेत. पण फुप्फुसांना आता दरडीची धूळ सोसायची नाही. त्यांना दरीत परत नेता येणार नाही."

बाबा पायरीवर बसले. "मीच पेट्रोल देऊन टाकलं," एवढंच ते पुटपुटत राहिले.

बऱ्याच वेळाने त्यांनी टाकीत काठी घालून पाहिली. अंदाजापेक्षा बरंच जास्त पेट्रोल उरलं होतं. त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे जुनेच प्लग भारी! वाडीत सगळ्यांना सांगतो."

"नाही, बाबा," जुई म्हणाली. "परत तीच चूक करताय. आज मी गाळणीही साफ केली आणि प्लगही बदलले. कशामुळे वाचलं, कसं कळणार? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं तसंच."

बाबांनी काठी पुसून ठेवली. मग हळूच म्हणाले, "बरं. अप्पांना भेटायला येताना नवे प्लग पुसून लावू. गाळणी अशीच साफ. रस्ता हाच."

"आणि ओझं? तेही आजच्याएवढंच हवं."

बाबांनी रिकाम्या मागच्या सीटकडे पाहिलं.

"अप्पांच्या वजनाएवढी वाळू भरून घेऊ, पोरी."

जुईला हुंदका आवरला नाही. तशीच ती आत धावली, कारण उघड्या खिडकीतून सगळं ऐकलेले अप्पा खाटेवरून बोटाने खुणावत विचारत होते, प्रयोग कधी करणार म्हणून.