वीतभर कमी

टेप तिसऱ्यांदा ताणली, तरी आकडा काही हलेना. पावणेआठ मीटर... मुलींच्या मैदानाची रुंदी हवी होती आठ! देविदास अण्णा कुरुंद्याच्या त्या ओसाड मैदानात राखेच्या रेषेवरच गुडघा टेकून बसले.

उद्या इथे कबड्डीची नवी मॅट अंथरायची, म्हणून सरपंचांनी त्यांना माप घ्यायला सांगितलं होतं. कोपऱ्यातल्या लोखंडी खुंट्या अकरा वर्षांपूर्वी, मुलींच्या अंतिम सामन्याच्या सकाळी, अण्णांनीच पावलं मोजून ठोकलेल्या. तरुणपणी परभणी जिल्ह्याकडून खेळलेला आणि पुढे तीस वर्षं सायकलवर गावोगाव फिरून खेळाडू घडवलेला हा माणूस. 'अण्णाचं पाऊल म्हणजे टेपच' असं पंचक्रोशी म्हणायची. पण त्याच हिवाळ्यात गुडघा अधू झाला होता, आणि पाऊल आखडलंय हे त्या मानी माणसाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्या सामन्यात त्यांची एकुलती एक लेक कोमल शेवटच्या चढाईला गेली. दोघींना बाद करून वळताना तिची टाच रेषेबाहेर पडली, फार तर चार बोटं. पंच अण्णाच, समोरच्या गावानेच त्यांना मागून घेतलेलं. अण्णांनी हात वर केला. सामना गेला, कोमलची राज्य संघातली निवड गेली. सख्ख्या लेकीलाही सोडलं नाही, म्हणून गावाने अण्णांना खांद्यावर घेतलं. कोमल मात्र लग्न होऊन जवळा बाजारला गेली ती गेलीच. आईच्या दिवसांना तेवढी आली, आणि चौदाव्याला पाणीही न पिता परतली.

मग घरात एकच ताट उरलं. पोरं क्रिकेटकडे वळली, तरी अण्णा रोज संध्याकाळी हळद शिजवायच्या भट्टीची राख आणून रिकाम्या मैदानाला रेषा मारत. त्याच खुंट्यांवरून... इतकी वर्षं ते स्वतःचीच चूक गिरवत होते तर!

दुपारच्या एसटीने ते जवळा बाजारला पोचले. कोमल शाळेच्या मैदानावर मुलींना शिकवत होती.

"तू बाद नव्हतीस, कोमल," अण्णा उभ्याउभ्याच म्हणाले. "रेषाच आत व्हती. माझं पाऊल चुकलं."

तिने मुलींना पाणी प्यायला पाठवलं. "मला ठाऊक हाय, अण्णा. दुसऱ्याच दिवशी शाळंची टेप आणून मोजलं व्हतं मी."

"मंग बोलली काहून न्हाईस?"

"त्या नावाबिगर तुमच्यापाशी दुसरं व्हतं तरी काय? समोर ऱ्हायले असते, तर एक दिवस तोंडून निघालंच असतं... म्हणून आलेच न्हाई."

जिला अण्णा अढी धरून बसलेली समजत आले, ती त्यांचंच नाव जपत होती!

"नाव राखलंस, पण बापाला एकटं टाकलंस, बाई," ते म्हणाले. "नाव काय ताटावर सोबत बसतं व्हय?"

कोमलने पदर डोळ्यांना लावला.

"उद्या समद्या गावासमोर त्या खुंट्या उपटणार हाय," अण्णा म्हणाले. "का उपटल्या, ते बी सांगणार."

"लोक नावं ठेवतील, अण्णा."

"ठेवू दे. घरी लेक तर येईल."

तिने खाली वाकून त्यांच्या गुडघ्यावरची राख झटकली. "टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतंय," ती म्हणाली. "थांबा, पिशवी भरून येते."