गिळमणी

मिरजेत खानावळ चालवणाऱ्या कौसल्याबाई भोकरे दवाखान्यात निघाल्या की लग्नाला निघाल्यासारख्या तयार होत. न्हाऊन, इस्त्रीचं पातळ नेसून. त्याआधी एक काम त्या कुणाला न सांगता उरकत. कोमट पाणी पिऊन मोरीत ओणवं व्हायचं, छातीत साठलेलं सगळं बाहेर काढायचं, मिठानं दात घासायचे आणि तोंडात लवंग धरायची. तोंडाला शिळ्या अन्नाचा वास येई. तो डॉक्टरांच्या नाकाशी न्यायचा म्हणजे काय?

दोन वर्षं घास छातीच्या खालच्या टोकाला अडत होता. आडवं झालं की दुपारचा भात न पचता उशीवर येई. गावाला पोटभर वाढणारी बाई स्वतः वाळून काटकी झाली होती.

रुग्णालयात आता घशात नळी घालत नसत, की एक्स-रेही काढत नसत. दोऱ्याला बांधलेला वाटाण्याएवढा गिळमणी गिळायचा. तो अन्ननलिकेतून उतरताना आतला दाब मोजी, चित्र काढी, आणि ‘निदानक’ नावाची यंत्रणा ते चित्र लाखो चित्रांशी ताडून निकाल देई. अट एकच होती, उपाशीपोटी यायचं. कौसल्याबाईंचा निकाल दर वेळी तोच आला: नलिका निर्दोष, तक्रार मानसिक. एकदा हा शिक्का बसला की राज्यात कुठेही जा, डॉक्टरांच्या पडद्यावर आधी तोच उमटे. नाचता येईना, अंगण वाकडं! यंत्राला दिसत नाही, म्हणून बाईचं डोकं फिरलेलं. समुपदेशकानं त्यांना रोज डोळे मिटून शांत बसायला सांगितलं, तेव्हा त्यांना असा संताप आला की घरी येऊन त्यांनी पातेली आपटून आपटून घासली.

त्याच दिवशी रुग्णालयात शेजारच्या बाकावर एक हाडकुळी बाई तोंडाला पदर लावून बसली होती. कौसल्याबाईंनी तिच्यापुढे लवंग धरली, तर तिनं मूठ उघडून स्वतःचीच लवंग दाखवली. दोघी हसल्या. नंतर ती बाईही तोच निकाल घेऊन खाली मान घालून गेली.

डॉक्टर नीलोफर बारगीर त्याच रुग्णालयात शल्यविशारद, आणि जेवायला कौसल्याबाईंकडेच. एका दुपारी आमटी मागायला त्या स्वयंपाकघरात आल्या, तर कौसल्याबाई मोरीत ओणव्या झालेल्या. पुन्हा मणी गिळायला जायचं होतं.

“दर वेळी असंच करून जाता?” डॉक्टरांनी विचारलं.

“मग? घाण घिऊन जाऊ व्हय तुमच्याकडं?”

नीलोफरनी हातातली वाटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, “मावशी, जे आम्ही शोधतोय ते तुम्ही रिकामं करून आणता. पण चूक तुमची नाही. जेवताना त्रास होतो म्हणणाऱ्या बाईला आम्ही कुणी जेवताना तपासलंच नाही.”

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या खोलीत कौसल्याबाईंनी डबा उघडून भाकरी आणि खरडा खाल्ला, आणि वर मणी गिळला. निदानकानं लगेच आवाज दिला: पोट रिकामं नाही, तपासणी बाद. नीलोफरनी तिकडे लक्षच दिलं नाही. त्या चित्र बघत होत्या. मणी सरळ खाली जायचा सोडून श्वासपटलाच्या जरा वर बाजूला वळला आणि भाकरीनं भरलेल्या एका पिशवीत जाऊन बसला. मग त्यांनी जुन्या पद्धतीनं पांढरं औषध पाजून एक्स-रे काढला. त्यातही पिशवी लख्ख दिसली; रिकामी असताना ती चपटी होऊन लपत असे.

जेवताना अन्ननलिकेची खालची झडप वेळेवर सैल पडत नाही, म्हणून वर दाब वाढतो आणि आतला थर स्नायूंतून बाहेर फुगतो, फाटक्या टायरमधून सायकलची ट्यूब फुगावी तसा, असं त्यांनी समजावलं. नुसती पिशवी कापली तर त्याच दाबानं टाके उसवतील. म्हणून पिशवी काढायची आणि झडपेचा स्नायूही सैल करायचा.

शस्त्रक्रियेला निदानकानं संमती दिली नाहीच. वरिष्ठ तर दूर राजधानीत बसून उंटावरून शेळ्या हाकणारे. नीलोफर त्यांच्याशी भांडल्या आणि शेवटी सगळी जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेऊन शस्त्रक्रिया केली.

उन्हाळ्यात कौसल्याबाई पहिल्यांदाच गिऱ्हाइकांच्या पंगतीत बसून जेवल्या. नेमका त्याच दिवशी निदानक चालवणाऱ्या संस्थेचा अधिकारी पुष्पगुच्छ घेऊन आला. तुमच्यामुळे यंत्रणा नवं शिकली, यापुढे ही चूक होणार नाही, असं तो अभिमानानं सांगू लागला.

“आनि मागं झाल्यात त्या?” कौसल्याबाईंनी विचारलं.

जुने निकाल पुन्हा उघडायची सोयच यंत्रणेत नाही, असं तो म्हणाला. त्याचं हसू मात्र जरा उतरलं.

कौसल्याबाईंनी पुष्पगुच्छ घेतला नाही. हातातला घास ताटात ठेवला.

“माझ्याशेजारी एक बाई बसलीवती. नाव न्हाई ठाऊक, पर मुठीत लवंग हुती तिच्या. तुमचं यंत्र शिकलं म्हणता. मग तिला माघारी बोलवायला कोण शिकणार?”