सेलूचं बिऱ्हाड

सरका रे आत जरा, वारं गार सुटलंय. सांगतो. आमच्या वालूरच्या भागवतची गोष्ट हाय. माझ्या अंगाखांद्यावर वाढलेलं पोरगं, खोटं बोलणारातलं न्हाई.

गेल्या साली तुळशीचं लगीन लागलं, त्याच्या दुसऱ्या दिवशीची रात्र. भागवतनं सेलूला दोन खोल्या घेतल्या होत्या, तिसऱ्या मजल्यावर. आईबापापासून पहिल्यांदाच वेगळं बिऱ्हाड. सामान टेम्पोत दिवसाच गेलं, बायको ईश्वरी तिकडंच थांबली. देव तेवढे राहिले होते. ते न्यायला भागवत मोटारसायकलवर वालूरला आला.

ईश्वरी त्याची दुसरी. पहिली निकिता. ती नांदली तोवर तिनं एकच मागणं मागितलं, "सेलूला एक खोली बघा ना. आपली." भागवत दर खेपेला म्हणायचा, "मी जिता असेस्तोवर आईबापाला सोडणार न्हाई." निकिता त्याच घरात काविळीनं गेली. वर्षाच्या आत दुसरं लगीन झालं, अन् ईश्वरीनं एकदा म्हणताच खोल्या बी मिळाल्या.

आपल्याकडं पहिली गेली की तिचा चांदीचा टाक करून देवात ठेवतात. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, मग दुसरीनं नेसायचं. भागवतची आई कुसुमबाई, तिनं देवांसंगं तो टाकही फडक्यात बांधला.

"हिला आधी घरात घे बाबा. मंग दूध उतू घाला."

"व्हय," म्हणला भागवत. पण वाड्याबाहेर आल्यावर फडकं सोडलं अन् टाक गोठ्याच्या कोनाड्यात ठेवून दिला. नव्या घरात ही कशाला? ईश्वरीचं तोंड उतरंल.

सेलूला पोचला तर लाईट गेलेली. अंधारातच जिना चढला. दार आतून लावलेलं.

"ईश्वरे, उघड."

आतून हळूच आवाज आला, "नाव घ्या. मंग उघडते."

भागवतला हसू आलं. नवरा-नवरीला उंबऱ्यावर अडवतात, तशी थट्टा चाललीय वाटलं.

"सेलूच्या घराला निळा निळा रंग, ईश्वरीचं नाव घेतो, राहतो तिच्या संग!"

आत काचेचं काहीतरी फुटलं.

"चुकलं. नाव घ्या."

"पुरे की आता! हातात देव हायेत माझ्या."

तेवढ्यात मागं जिन्यावर चपला वाजल्या. जिन्याच्या खिडकीतल्या चांदण्यात दिसलं, ईश्वरी वर येत होती. एका हातात दुधाचं पातेलं, दुसऱ्या हातात किल्ली.

"कुणासंगं बोलायलाव? मी तर खालच्या मजल्यावर सुमनबाईकडं होते. बाहेरनं कुलूप मीच लावलं होतं, ते कुठं गेलं?..."

आतून पुन्हा तोच आवाज आला.

"नाव घ्या..."

आता त्यानं आवाज ओळखला.

ईश्वरीच्या हातातलं पातेलं पडलं. दूध पायरी पायरीनं खाली गेलं. तिचे दोन्ही हात गळ्याला. मंगळसूत्र मागून आवळत होतं. मागं कुणी नव्हतं. भागवतनं बोटं घातली. मणी कातडीत रुतलेले. सुटंना. तुटंना.

"सोड तिला! तिनं काय केलं?"

...

"काय पाहिजे तुला?"

...

मग आतून आवाज आला, "घर कुणाचं?"

ईश्वरीचे डोळे फिरले. भागवतनं कपाळ दाराला टेकवलं.

"तुझं... निकिताचं. निकिताचं घर."

मंगळसूत्र ढिलं पडलं. आत कडी निघाली. दार आपसूक उघडलं... आत नुसता अंधार. भागवतनं ईश्वरीला उचललं अन् जिना उतरला. मागं बघितलं न्हाई.

दोघं वालूरलाच राहतात आता. ईश्वरीचा आवाज अजून घोगरा येतो. त्या खोल्यांत पुन्हा कुणी बिऱ्हाड मांडलं न्हाई.

त्या रातीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सामान आणायला भागवतचे वडील, दिनकरराव गेले. दार सताड उघडं होतं. सामान जिथल्या तिथं, फुटलेली काच कुठंच न्हाई. फक्त उंबऱ्याच्या आत एक माप आडवं पडलेलं. असलं माप त्यांच्या सामानात नव्हतंच. नवी नवरी पायानं लवंडते ना, तसं लवंडलेलं. अन् तांदूळ सगळे घराच्या आत सांडलेले...