सहावा रिसीव्हर

पाचवा रिसीव्हरही नापास करून प्रफुल्ल खैरनार नाशिकच्या ध्वनिजुळणी प्रयोगशाळेत आले, तेव्हा दोन हमालयंत्रं त्यांचे सात स्पीकर उचलून आणत होती आणि खैरनार त्यांच्यावर माणसांवर खेकसावं तसे खेकसत होते. "अरे, हळू! कडा सांभाळा! सागवान आहे ते, प्लास्टिक नव्हे!" यंत्रांना अर्थातच राग येत नव्हता. खैरनारांना मात्र दिवाळीपासून रोज येत होता, आणि आता जून उजाडला होता.

रागाचं कारण साधं होतं. त्यांच्या घरातल्या सिनेमाचा आवाज मळला होता. 'मळला' हा त्यांचाच शब्द. सगळं ऐकू येत होतं, पण संवादांवर कुणीतरी ओलं फडकं टाकल्यासारखं वाटत होतं. स्पीकर त्यांनी पस्तीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, स्वतःच्या हातांनी बनवले होते. पेट्यांच्या आकारमानाचं गणित वृषालीने, म्हणजे बायकोने केलं होतं. ती कॉलेजात गणित शिकवायची. तेव्हा स्पीकरमध्ये खोट असणं शक्यच नव्हतं. उरला रिसीव्हर, म्हणजे सिनेमाचा आवाज घेऊन तो सात स्पीकरांत वाटणारी आणि त्यांना ताकद पुरवणारी चौदा वर्षं जुनी पेटी. ती बदलायची, झालं!

पण झालं कुठे? खैरनारांचे स्पीकर चार ओहमचे, म्हणजे जास्त प्रवाह ओढणारे. बाजारातले निम्मे रिसीव्हर तिथेच बाद. उरलेल्यांतले पाच त्यांनी एकामागून एक घरी आणले. प्रत्येक नवा रिसीव्हर आधी खोली मोजायचा, मग स्पीकर मोजायचे, आणि मग जुन्या पेटीपेक्षाही मळका वाजायचा. प्रत्येक आठ दिवसांत परत गेला, सोबत दोन पानी खरमरीत पत्र घेऊन.

पत्र लिहिण्याचा त्यांना अधिकारही होता म्हणा. एकशे बारा चित्रपटगृहांचा आवाज या माणसाने बसवला होता, तोही मोजणीयंत्र बाजूला सारून. "यंत्र आकडा सांगतं, कान खरं सांगतो," असं ते विद्यार्थ्यांना सांगत, आणि विद्यार्थी बिचारे लिहून घेत.

त्यांतलीच एक तस्नीम मुजावर. आज ती या प्रयोगशाळेची प्रमुख होती.

"बसा सर. चहा घेणार?"

"चहा राहू दे. आणि जरा मोठ्याने बोल. तुम्ही हल्लीची मंडळी सगळी तोंडातल्या तोंडात बोलता."

तस्नीमने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि आवाज चढवला. "जुनी पेटी आणली आहेत ना? मी फोनवर सांगितलं होतं."

"आणलीय. तिचं काय करणार आहेस देव जाणे."

स्पीकर निःशब्द कक्षात गेले. या कक्षाच्या भिंती, छत, जमीन सगळीकडे फोमच्या पाचरी होत्या. आवाज एकदा निघाला की परत येत नसे. खैरनार दाराशी उभे राहिले. आत एक शिट्टी खालून वर चढत गेली. मध्येच ती थांबली असं त्यांना वाटलं, पण तस्नीमच्या पडद्यावरची रेघ पुढे सरकतच होती. पडद्यात काहीतरी गडबड असावी, असं म्हणून त्यांनी तो विषय सोडला.

खरं सांगायचं तर ते घाबरले होते. घरात सात स्पीकर आणि एक माणूस, असा चार वर्षांचा संसार होता. वृषाली धुळ्याला बहिणीकडे गेली ती आलीच नाही. भांडण नाही, कागदपत्रं नाहीत. रविवारी फोन यायचा, ती दोन वाक्यं बोलायची, हे "हं, बरं" म्हणायचे. बाहेर गेलं तर लोक पुटपुटायचे, म्हणून बाहेर जाणं कमी झालं. जेवताना ते सिनेमा लावून ठेवत, कारण जगात आता सिनेमातलीच माणसं तेवढी स्पष्ट बोलत होती. तेही गेलं तर त्या घरात त्यांच्याशी बोलणारं कुणी उरणार नव्हतं. सहावा रिसीव्हर त्यांना हवा होता तो एवढ्यासाठी.

"सर, स्पीकर उत्तम आहेत," तस्नीम बाहेर येत म्हणाली. "कागदाचा पडदा जरासा सैल झालाय, बस्स. आणि तुम्ही परत केलेले पाचही रिसीव्हर यांना जुळतात. मी पाचांचे आकडे ताडून पाहिले."

"अगं, आकडे काय सांगतेस! मी ऐकलंय ना."

"कशाशी ताडून ऐकलंत?"

"जुन्या पेटीशी. दिवाळीआधी ती कशी वाजायची, ते आठवतंय मला."

"म्हणजे मोजपट्टी जुनी पेटी. मग ती मोजपट्टीच बघूया की."

तिने पेटी जोडली आणि आतला जुळणीतक्ता पडद्यावर उघडला. कोणत्या स्वराला किती जोर द्यायचा, हे अशा तक्त्यात लिहिलेलं असतं. खालच्या स्वरांची रेघ सपाट होती. दोन हजार हर्ट्झपासून ती चढायला लागली, आणि चार हजारांवर पोचेपर्यंत बावीस डेसिबल वर गेली.

"बिघडली!" खैरनार जवळजवळ आनंदाने म्हणाले. "बघ, म्हटलं नव्हतं? पुतणी आली होती मागे, म्हणे काका, किती किणकिणतंय! मला वाटलं, तिचेच कान गेलेत."

तस्नीम हसली नाही. तिने एक बोट फिरवून आलेख उलटा केला. चढणारी रेघ आता उतरणारी झाली.

"हा आलेख तुम्ही पाहिलाय सर. स्पीकरचा नाही हा."

खैरनारांनी पाहिला होता. कानाच्या दवाखान्यात तो भिंतीवर लावलेला असतो.

तस्नीम त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि एकेक शब्द सुटा करून बोलू लागली. "वयाबरोबर आधी वरचे स्वर जातात. स, श, त, क, या व्यंजनांचा जीव तिथेच असतो. आ, ओ, ऊ खाली असतात, ते टिकतात. म्हणून कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. आणि हे इतकं सावकाश होतं, की आपले कान गेले असं वाटतच नाही. जग पुटपुटायला लागलं, असं वाटतं."

"पण सिनेमातला शब्द न् शब्द कळत होता मला!"

"कारण तुमच्या कानांतून जेवढं गेलं, तेवढं ही पेटी वरून घालत होती. नव्या रिसीव्हरना तुमचे कान माहीत नाहीत. ते स्पीकर सरळ वाजवतात, आणि सरळ आवाज तुम्हाला मळका लागतो."

खैरनारांनी जुन्या पेटीकडे पाहिलं. मग त्यांच्यातला तंत्रज्ञ जागा झाला. लाज वाटायला लागली की माणूस कामाचं बोलतो. "म्हणजे पेटी शिकत गेली. मी आवाज वाढवायचो, त्यावरून."

"ही पेटी शिकणाऱ्यांतली नाही सर. चौदा वर्षांपूर्वीची आहे. हिला आपण होऊन काही येत नाही. यातली प्रत्येक नोंद कुणीतरी हाताने केलीय."

तिने नोंदी तारखांनिशी उघडल्या. पहिली तेरा वर्षांपूर्वीची. मग दर चार-पाच महिन्यांनी एक, सलग नऊ वर्षं. सगळ्या मंगळवारी सकाळच्या. मंगळवारी सकाळी खैरनार दाढी-केस करायला जात. आणि प्रत्येक वाढ पाऊण डेसिबलच्या आसपास. एकही पूर्ण एक नाही.

"एवढी बारीक का?" तस्नीमने विचारलं.

"कारण तिने मला विचारलं होतं," खैरनार म्हणाले. "किती बदललं तर तुझ्या कानाला कळतं म्हणून. मी ऐटीत सांगितलं, एक डेसिबल. त्याच्या खाली कुणाच्या बापालाही कळणार नाही."

"वृषालीमॅडम?"

"दुसरं कोण? पण तिला आकडा कुठून मिळायचा? माझे कान तर कधी..." आणि ते थांबले. सिनेमा चालू असताना वृषाली मध्येच विचारायची, काय म्हणाला तो? नऊ वर्षं विचारायची. ते वैतागून सांगायचे, कधी सांगता यायचं नाही, तेव्हा म्हणायचे, तुझं लक्ष कुठे असतं? लोकांना ते हसत सांगायचे, बायकोला हल्ली कमी ऐकू येतं. "ती माझी परीक्षा घेत होती गं," ते म्हणाले. "मला कोणते शब्द कळले नाहीत, ते टिपत होती. आणि मी चारचौघांत तिची टिंगल केली."

तस्नीमने नोंदींची यादी खाली सरकवली. ती यादीच्या तळाशी पोचली होती.

"सर, शेवटच्या सहा नोंदी वेगळ्या आहेत. पावसाळ्यात हवा दमट झाली की वरचे स्वर बदलतात, म्हणून या पेटीत पुढच्या तारखा आधी घालून ठेवायची सोय असते. या सहाही नोंदी एकाच सकाळी घातल्यात. दर सहा महिन्यांना एक, पुढच्या तीन वर्षांसाठी. नऊ वर्षांचे बिंदू जोडून रेघ पुढे वाढवलेली दिसते. चार वर्षांपूर्वीची तारीख आहे. बावीस मे."

बावीस मेला वृषाली घर सोडून गेली होती.

"शेवटची नोंद गेल्या वर्षी लागू झाली," तस्नीम हळूच म्हणाली, मग लक्षात येऊन पुन्हा मोठ्याने म्हणाली. "त्यानंतर कान उतरत राहिले, पेटी तिथेच थांबली. दिवाळीपासून तुम्हाला फरक जाणवायला लागला. यात बिघाड काहीच नाही."

"नोंदींच्या जागा संपल्या होत्या का?"

"नाही. आणखी सत्तर रिकाम्या आहेत."

मग मात्र खैरनारांना रडू आवरलं नाही. जाताना वृषाली त्यांच्या जेवणाचं काही करून गेली नव्हती, कपाटाच्या किल्ल्या कुठे आहेत तेही सांगून गेली नव्हती. तीन वर्षं सिनेमा नीट ऐकू येईल, एवढी सोय मात्र करून गेली होती. तेवढ्या काळात हा माणूस कधीतरी कान तपासून घेईल, असा तिचा हिशेब असावा. त्यापुढचं तिने त्यांच्यावर सोडलं होतं, आणि त्यांनी पाच रिसीव्हर बदलले होते.

"तस्नीम, तिला फोन लावायचाय. पण तिचा आवाजही या पेटीतून येईल असं कर."

तस्नीमने दहा मिनिटांत त्यांचे कान मोजले, आजच्या तारखेची नोंद घातली, फोन पेटीला जोडला आणि मधला स्पीकर त्यांच्यासमोर आणून ठेवला. मग ती बाहेर गेली आणि तिने दार ओढून घेतलं.

"हॅलो." वृषालीचा आवाज आला. किती पातळ होता तो, आणि किती जवळ! वर्षानुवर्षं त्यांनी जो ऐकला होता, तो या आवाजाचा नुसता सांगाडा होता. "आज रविवार नाहीये. बरा आहेस ना?"

"पेटी उघडली. तक्ता बघितला मी."

"बराच वेळ लावलास."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं नाही? डॉक्टरची वेळ दोनदा घेतली होती, प्रफुल्ल. माझे कान तपासणारा अजून जन्माला यायचाय, म्हणालास. मग म्हटलं, निदान सिनेमाचं तरी नीट करू. ते हातात होतं. माझ्या आवाजाला असं काही बटण नव्हतं. मी बोलायचे, तू हं म्हणायचास. माझं दुखणं सांगितलं, तरी हं. आईच्या शेवटच्या दिवसांत घाबरले होते तेव्हा बोलले, तरी हं. एकटीनेच राहायचं तर एकटीने राहावं ना, सोबत दुसरा माणूस कशाला?"

खैरनारांना सगळं ऐकू येत होतं. एकही अक्षर सुटत नव्हतं. त्यांनी डोळे पुसले.

"वृषाली, एक विचारू? त्या दिवशी तू पिशवी घेऊन दारात उभी होतीस. काहीतरी बोललीस. मला कळलं नाही. वाटलं, भाजीला चाललीस. मी म्हटलं, बरं, सावकाश जा. नंतर चार वर्षं डोक्यात तेच चाललंय. काय म्हणाली होतीस तू?"

"काही नाही."

"असं नको करूस. सांग. रागाने बोलली असलीस तरी सांग. आता येतंय मला ऐकू."

"अरे, खरंच काही नाही. मी आवाज काढलाच नव्हता. नुसते ओठ हलवले. तू 'काय?' म्हणतोस का, एवढंच बघायचं होतं मला. म्हणाला असतास ना, तर पिशवी तिथेच ठेवली असती आणि चहा टाकला असता."

खैरनार स्पीकरकडे बघत राहिले. त्याचा कागदी पडदा जराही हलत नव्हता. "हं" त्यांच्या तोंडाशी आला होता, सवयच ती. त्यांनी तो गिळला.

"काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"अजून काही म्हणाले नाहीये," वृषाली म्हणाली.