बॉनेट गरम का होतं?

मार्नीला एल्डन पहिल्यांदा दिसला तो फक्त गुडघ्यापर्यंत. किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये, एप्रिलच्या भुरभुर पावसात, ती टॉर्च घेऊन एका लाल मियाटाच्या, दोनच माणसांच्या छोट्या स्पोर्ट्स कारच्या, खाली डोकावत होती. गाडीच्या काचेवर ‘विकणे आहे’ अशी पाटी होती. तेवढ्यात पलीकडे ग्रीसने माखलेले दोन बूट येऊन थांबले.

“गाडी आवडलीय... की पळवायचा विचार आहे?” वरून आवाज आला.

“गंज बघतेय,” मार्नी खालूनच म्हणाली. “मिशिगनची गाडी. दर हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ खाल्लेलं असणार. गंज झाकायला खालून काळा रंग मारलाय का तुम्ही?”

“नाही हो.”

“मग काळं का दिसतंय?”

“अंधार आहे म्हणून.”

मार्नी बाहेर आली. केस ओले, हॉस्पिटलच्या पातळ गणवेशाचे गुडघे चिखलाने भरलेले. समोर एक उंच, हडकुळा तरुण दुधाचा कॅन आणि अंडी घेऊन उभा होता. तिच्याकडे बघता बघता त्याचे कान लाल झाले आणि त्याने चटकन नजर दुसरीकडे वळवली. नजर चुकवतोय, मार्नीने मनात नोंद केली. काहीतरी नक्कीच लपवतोय हा.

तिच्या संशयाला कारण होतं. गेल्या शरदात एका गोड बोलणाऱ्या माणसाने तिला एक गाडी विकली होती. इंजिनाचा बिघाड दाखवणारा दिवाच त्याने आधी काढून टाकला होता. ती गाडी आता गॉर्डकाकांच्या अंगणात मरून पडली होती. मार्नीकडे आता जेमतेम एका गाडीपुरते पैसे उरले होते, आणि तीही जुनीच मिळाली असती. त्या गाडीने तिला रोज पहाटे ग्रँड रॅपिड्सच्या हॉस्पिटलात, प्रयोगशाळेच्या कामावर न्यायला हवं होतं, आणि रविवारी ऑटोक्रॉसला साथ द्यायला हवी होती. रिकाम्या पार्किंगमध्ये नारिंगी शंकू मांडायचे, त्यांच्यामधून एकेकाने गाडी पळवायची, घड्याळाशी झुंज! वर्षभर राबायचं ते याचसाठी, असं मार्नीला वाटे. ही गाडीही फसवी निघाली असती तर रविवार तर गेलेच असते, आणि नोकरीवर कशाने जायचं हाही प्रश्न पडला असता.

त्याच संध्याकाळी त्याने तिला एक चक्कर मारू दिली. पहिल्याच वळणावर गाडी अशी अंगासरशी वळली की मार्नी खळखळून हसली. थंडीने दात वाजत होते तरी हसली. मग तो आपल्याकडे बघतोय हे लक्षात आलं, तशी ती तोंड आवळून बसली.

“इतकी चांगली गाडी विकता कशाला?”

“गॅरेजमध्ये... म्हणजे... दुसरी एक जुनी उघडून ठेवलीय. दोघींना जागा नाही.”

म्हणजे... म्हणजे! सरळ बोलायला जड जातंय याला.

गॉर्डकाकांनी आयुष्यभर शाळेची बस चालवली होती, आणि तेव्हापासून त्यांचा कुणावरही विश्वास उरला नव्हता. त्यांनी पुतणीच्या हातात एक लोहचुंबक ठेवलं. “पत्र्यावर फिरव. जिथे चिकटणार नाही तिथे गंजाची भोकं लांबी-पुट्टीने बुजवलीयत समज. आणि सगळ्यात आधी बॉनेटवर हात ठेव! विकणारे बदमाश तू यायच्या आधीच इंजिन तापवून ठेवतात. थंड असताना ते धूर सोडतं, खडखडतं. एकदा तापलं की गुपचूप. बॉनेट गरम लागलं की पाठ फिरवायची, काय?”

“हो, काका.”

मार्नी एल्डनच्या घरी गेली. दारं, चाकांवरच्या कमानी, सगळीकडे लोहचुंबक घट्ट चिकटलं. मग तिने बॉनेटवर हात ठेवला.

बॉनेट गरम होतं.

“कुठे जाऊन आलात वाटतं?”

“नाही... म्हणजे, हो. इथेच जरा.”

तिने तेव्हाच पाठ फिरवायला हवी होती. फिरवली नाही. चार दिवसांनी टायर बघायच्या निमित्ताने पुन्हा गेली, तर बॉनेट पुन्हा गरम! मार्नी त्याच्याकडे रोखून बघत राहिली. त्याचे कान पुन्हा लाल झाले. लाल झालेले कान त्याला छान दिसतात हे तिच्या लक्षात आलं होतं, आणि त्याबद्दल ती स्वतःवरच चिडली होती.

“असं करा,” तो बुटाच्या टोकाकडे बघत म्हणाला, “तुम्हाला ऑटोक्रॉस आवडतं म्हणालात ना? मग या रविवारी या. बंद पडलेल्या मॉलच्या पार्किंगमध्ये आहे. एकच गाडी दोघं चालवतात की आपल्याकडे. आठला इथे या, बरोबरच जाऊ. आधी चालवून बघा, मग ठरवा.”

“फुकट?”

“फुकट.”

काकांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. “फुकट शर्यत? अगं, एवढं गोड कोण वागतं? आणि परत गेलीसच कशाला तू?”

“टायर बघायला.”

“टायरच ना?” काकांनी विचारलं. मार्नीने विषय बदलला.

रविवारी ती आठला गेली नाही. उजाडता उजाडताच काकांचा पिकअप घेऊन ती त्याच्या दारात हजर झाली. गाडी बाहेरच उभी होती, काचेवर हिमकण साचलेले. मार्नीने हातमोजा काढला आणि बॉनेटवर तळवा टेकवला. बर्फासारखं थंड. आता सापडलास बेट्या! चोरी पकडली जावी असं तिला वाटत होतं, आणि जाऊ नये असंही.

तिने दार ठोठावलं. एल्डन पायजम्यात, तोंडात ब्रश घेऊन बाहेर आला.

“मार्नी? आठला ठरलं होतं ना...”

“चावी दे, एल्डन.”

रागाच्या भरात ती त्याला अरेतुरे करून बसली, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं. त्याने निमूट चावी दिली.

तिने चावी फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. धूर नाही, खडखड नाही. मार्नी मागे जाऊन वाकून बसली, धूर सोडणाऱ्या नळीचा वास घेतला, कान देऊन ऐकलं. काही नाही. गाडी ठणठणीत होती.

तिला आनंद व्हायला हवा होता. झाला संताप.

“मग दर वेळी तापवून का ठेवायचास? गाडी थंड दाखवायची असते, हे कुणालाही ठाऊक असतं! तू इतक्या गाड्या उघडतोस, जोडतोस, आणि तुला ठाऊक नाही?”

“ठाऊक आहे.” त्याने घाईघाईने ओठांवरची पेस्ट पुसली. “पण सुचलंच नाही गं. पहिल्या दिवशी तू त्या पातळ कपड्यांत होतीस. दात वाजत होते तुझे. हीटर तापायला वेळ लागतो... म्हणून तू यायच्या आधी मी एक फेरी मारून आणायचो. तुला बसल्या बसल्या ऊब मिळावी म्हणून.”

मार्नी त्याच्याकडे बघत राहिली. टॉर्च असता तर तिने त्याच्या चेहऱ्यावरही मारला असता.

“गाडी विकणारा माणूस असला विचार करत नाही.”

“तू आलीस की गाडी विकायची आठवणच राहायची नाही मला.”

“हे खरं कशावरून?”

“आता ते कसं सांगू? लोहचुंबक लावून बघ.”

तिला हसू आलं. तिने ते परतवून लावलं. “बरं, मग विकतोयस की नाही?”

एल्डन पायरीवर बसला. “विकली की तू परत येणार नाहीस... म्हणून हे सगळं लांबवत होतो. खोटं नाही बोलत. पण तुला गाडीची गरज आहे. घे, आजच घे.” मग जड आवाजात म्हणाला, “आणि एक गोष्ट लपवलीय मी. जोराच्या पावसात कापडी छप्पर गळतं. बसणाऱ्याच्या बाजूने नाही... चालवणाऱ्याच्या. थेट डाव्या गुडघ्यावर. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, पण तू हसत होतीस.”

एक तरी खोट सापडली, आणि मार्नीचा जीव भांड्यात पडला! इतके दिवस तिला तेच खुपत होतं: जुन्या गाडीत काहीच कसं वाईट नाही? आता तिला गाडीही खरी वाटली आणि माणूसही. जो आपणहून खोट सांगतो, विक्री मोडली तरी सांगतो, तो माणूस तिला हवा होता. हे इतकं स्पष्ट वाटलं की ती घाबरली.

“गुडघ्यावर टॉवेल घेईन,” ती म्हणाली. “घेतली मी.”

मॉलच्या पार्किंगमध्ये गाड्यांची रांग लागली होती. मियाटाच्या दारावर निळ्या चिकटपट्टीने ४७ लिहिलेलं होतं, एल्डनचा आकडा. एका गाडीवर दोघं असले की दुसऱ्याला तोच आकडा, फक्त त्याच्याआधी १ चिकटवायचा, अशी इथली पद्धत.

“४७ आता मी,” मार्नी पट्टीचं रिळ त्याच्या हातात देत म्हणाली. “गाडी माझी आहे. तू १४७.”

“म्हणजे मी... आज चालवायची?”

“आज. पुढच्या रविवारचं तुझ्या वागण्यावर आहे.”

तिने पहिल्या फेरीत दोन शंकू उडवले. प्रत्येक शंकूला दोन सेकंदांचा दंड. परत आली तेव्हा गाल लाल आणि डोळे चमकत होते. मग तो गेला. वळणावर ती पडलेले शंकू उचलायच्या कामावर लाल झेंडा धरून उभी होती, आणि एल्डन डाव्या हाताला वळायचं सोडून सरळ निघून गेला. फेरीच बाद!

“कुठे बघत होतास?” तो परतल्यावर तिने विचारलं.

“विचारू नकोस.”

“विचारणार. मी सगळं तपासून घेते.”

“मग तपास की,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याने नजर चुकवली नाही. मार्नीनेच मान खाली घातली... आणि मग हळूच त्याचा हात हातात घेतला.

खिशात फोन वाजला. गॉर्डकाका.

“घेतलीस ना शेवटी? मला माहीत होतं! काय गळ्यात मारलं गं त्याने?”

मार्नीने एल्डनकडे पाहिलं. त्याचे कान पुन्हा लाल व्हायला लागले होते.

“स्वतःला, काका,” ती म्हणाली.